कॅसेट ते एमपीफोर : काय जपलं, काय गाळलं

संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी ‘ज्ञानाचं प्रामाण्य’ असा काहीतरी विषय घेईन. आयुष्यभर तेच शिकवलं, त्यामुळे त्यांचं चुकलं असं नाही. पण गेली तीन वर्षं मी एक वेगळंच काम करत बसलो आहे आणि त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे मांडावं असं वाटलं. आमच्या गावच्या व्याख्यानमालेची साधारण दोनशे चित्रमुद्रणं आहेत. काही कॅसेटवर, काही डिस्कवर, काही नुसत्या फाइली. ती सगळी एका स्वरूपात आणायची, कुठल्याही फोनवर, टीव्हीवर, संगणकावर लागतील अशी. वरवर पाहता हे कारकुनी काम आहे. घरी नातू म्हणाला, “आजोबा, एक सॉफ्टवेअर टाका, रात्रभर चालू ठेवा, सकाळी सगळं एमपीफोर.” त्याचं खरं होतं. आम्ही पूर्वी दोनदा नेमकं तेच केलं होतं, आणि आज मी इथे उभा आहे तो त्यामुळेच.

आधी थोडा मागे जातो. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, पुण्याला पुढच्या वर्षी चित्र दिसू लागलं. 1982 साली रंगीत प्रक्षेपण आलं, दिल्लीत एशियाड झालं, आणि त्याच सुमारास व्हीसीआर नावाची वस्तू मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरली. स्वतःचा नसेल तर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा, चार घरं एकत्र बसून तीन सिनेमे पाहायचे, हे इथल्या पन्नाशीपुढच्या सर्वांना आठवत असेल. जगात तोपर्यंत भांडण होऊन गेलं होतं. सोनीचं बीटामॅक्स 1975 चं, जेव्हीसीचं व्हीएचएस 1976 चं. दोन्हींची फीत अर्धा इंच रुंद, पण एकाची कॅसेट दुसऱ्यात जात नाही. चित्र बीटाचं जरा बरं, असं जाणकार म्हणत. पण सुरुवातीला बीटावर एक तास मावायचा आणि व्हीएचएसवर दोन. दोन तासात सिनेमा बसतो, एका तासात बसत नाही. 1988 साली खुद्द सोनीनं व्हीएचएस यंत्रं बनवायला घेतली, तिथे निकाल लागला. कुठलं रूप टिकणार हे ठरवताना गुणवत्ता हा अनेक मुद्द्यांपैकी एक मुद्दा असतो, बहुतेक वेळा तो दुसरा किंवा तिसरा असतो. हे पुढे पुन्हा दिसेल.

आणखी एक भानगड होती, तीही तुमच्यापैकी अनेकांनी भोगली असेल. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला. त्यानं 1987 साली मुलाच्या मुंजीची कॅसेट पाठवली. सगळे नातेवाईक जमले, कॅसेट घातली, तर पडद्यावर काळंपांढरं चित्र वर सरकतंय. आम्हाला वाटलं कॅसेट प्रवासात खराब झाली. ती ठणठणीत होती. अमेरिकेत एनटीएससी पद्धत, 525 ओळी, सेकंदाला जवळजवळ तीस चित्रं. आपल्याकडे पाल, 625 ओळी, सेकंदाला पंचवीस. कॅसेटचा खोका तोच, आतली फीत तीच, पण त्यावरचं लेखन वेगळं. आत्या दोन वर्षं ती कॅसेट देवघराच्या कपाटात ठेवून बसली होती, नातवाची मुंज न पाहता.

ही खोका आणि लेखन यांतली फारकत मनात ठेवा, कारण आजही निम्मा गोंधळ तिथेच आहे. आपल्या परंपरेला ती नवी नाही. पेशवे दफ्तरातले कागद पुण्यात नीट ठेवलेले आहेत, शाई दिसते, कागद हाताला लागतो. मोडी वाचणारा नसेल तर त्याचा उपयोग काय? महानुभावांच्या पोथ्या तर सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या. पोथी मठात सुखरूप, पण लिपीची किल्ली ज्याच्याकडे नाही त्याला ती बंदच. फाइलचंही तसंच आहे. एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही, एमपीफोर हे नुसते डबे आहेत. डब्यावरचं नाव पाहून आत कुठल्या लिपीत चित्र लिहिलंय ते कळत नाही. त्या लिपीला कोडेक म्हणतात. “एमपीफोर आहे तरी टीव्हीवर का लागत नाही?” असं कुणी विचारलं की समजावं, डबा ओळखीचा आहे पण आतली लिपी टीव्हीला येत नाही.

आता ही लिपी कशी आली ते सांगतो. यात आपल्याला अभिमान वाटावा असा एक माणूस आहे, आणि त्याचं नाव आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

हिशेब असा आहे. आपल्या टीव्हीचं पूर्ण चित्र अंकांत उतरवायचं, 720 गुणिले 576 ठिपके, सेकंदाला पंचवीस वेळा, काहीही न गाळता, तर एका तासाला सुमारे 75 जीबी लागतात. एका सीडीवर साडेसहाशे ते सातशे एमबी मावतात. म्हणजे एका तासाच्या व्याख्यानाला शंभराहून जास्त सीडी. तेव्हा काहीतरी गाळणं आलंच. प्रश्न इतकाच की काय गाळायचं.

नासिर अहमद, जन्म बेंगळुरूचा, 1940 सालचा. शिक्षण तिथे आणि पुढे अमेरिकेत, नोकरी कॅन्सस स्टेट विद्यापीठात. 1972 साली त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान निधीकडे अर्ज केला की चित्राचे लहान चौकोन करून प्रत्येक चौकोन कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडता येईल का, यावर मला काम करायचंय. अर्ज नामंजूर. एका परीक्षकाला ही कल्पना फारच साधी वाटली होती, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. अहमद यांनी अनुदानाशिवाय काम केलं आणि 1974 च्या जानेवारीत नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह निबंध छापला. लेखकांची तिन्ही नावं आपल्याकडची आहेत, पाहा. आज तुमच्या फोनमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ या पद्धतीच्या किंवा तिच्या वंशजांच्या मदतीनं साठवलेला असतो.

करतात काय? समजा आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन घेतला. चौसष्ट ठिपक्यांची उजळी एकेक करून सांगण्याऐवजी असं सांगायचं की यात सपाट उजेड इतका, हळू बदलणारा भाग इतका, भराभर बदलणारा भाग इतका. भिंत असेल तर भराभर बदलणारं काहीच नसतं, ते आकडे शून्य. आणि जिथे ते असतात, तिथे बारीक तपशील डोळ्याला तसाही कमी जाणवतो, म्हणून ते ढोबळ करायचे किंवा टाकूनच द्यायचे. दुसरी युक्ती काळाची. मी इथे उभा आहे, मागचा पडदा तासभर तोच आहे, हलतोय फक्त माझा हात आणि तोंड. (हशा.) मग पडदा दर वेळी कशाला लिहायचा? एक चित्र पूर्ण लिहायचं, पुढच्या काहींसाठी फक्त फरक नोंदवायचा.

या दोन युक्त्यांवर सगळी इमारत उभी आहे. 1988 साली इटलीतल्या तुरिनच्या दूरसंचार प्रयोगशाळेतले लिओनार्दो किआरिल्योने यांच्या पुढाकारानं एमपेग हा तज्ज्ञगट बसला. त्यांचं पहिलं उद्दिष्ट माफक होतं. साधी सीडी ज्या वेगानं वाचली जाते त्या वेगात चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे. ते एमपेग-1. त्यावरून 1993 साली व्हिडिओ सीडी आली. नंतर एमपेग-2, त्यावर डीव्हीडी, जी 1996 साली जपानात बाजारात आली.

व्हीसीडीला युरोप-अमेरिकेनं फार जवळ केलं नाही. आशियानं केलं. सीडी दमट हवेत बुरशी धरत नाही, यंत्र स्वस्त, डिस्क त्याहून स्वस्त. आपल्याकडे मराठी नाटकं घरोघरी पोचली ती व्हीसीडीवर, दोन-तीन डिस्कच्या पाकिटात, हे विसरता येणार नाही. व्हीसीडीला आज लोक हसतात, मी हसणार नाही. पण ती काय होती ते समजून घ्यायला हवं होतं, आणि ते आम्ही घेतलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या व्याख्यानमालेचं चित्रमुद्रण 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून व्हीएचएसवर होत होतं. 2002 साली कॅसेटनी दोन कपाटं भरली, काहींवर पांढरी बुरशी दिसायला लागली. समितीत ठरलं, सगळं व्हीसीडीवर घ्यायचं. ठराव एकमतानं झाला, मी सूचक होतो. रूपांतर झालं, दोनचार डिस्क लावून पाहिल्या, चित्र दिसतंय, आवाज येतोय. आणि मग कॅसेट एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्या गृहस्थाला देऊन टाकल्या. त्याला फितीवर फीत मारायला उपयोगी पडल्या. चार पैसेही आले. जगात हे फार थोरामोठ्यांनी केलंय. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकातले आपले किती तरी कार्यक्रम पुसून त्याच फिती पुन्हा वापरल्या, कारण फीत महाग होती आणि हे कुणी परत पाहील असं कुणाला वाटलं नाही. पण मोठ्यांनी केलं म्हणून आपलं केलेलं लहान होत नाही.

पुढे 2010 साली डिस्कवर ओरखडे दिसायला लागले, तेव्हा दुसरं रूपांतर. व्हीसीडीवरून एव्हीआय फाइली. त्या वेळी हार्डडिस्क महाग, म्हणून फाइल जितकी लहान तितकं बरं असं आम्हाला वाटलं. आवाज तर बत्तीस किलोबिटवर आणला. म्हणजे गाळलेल्यातून पुन्हा गाळलं.

या संग्रहात एक व्याख्यान माझ्या गुरुजींचं आहे. 1991 सालचं. विषय भ्रमज्ञान, दोरीवर दिसणारा साप. त्यांची सवय अशी की बोलता बोलता थांबायचे, फळ्याकडे वळायचे, काही न बोलता एक वाक्य लिहायचे, त्यावर खडू आपटायचे आणि म्हणायचे, “हे लक्षात ठेवा.” वाक्य वाचून दाखवायचे नाहीत. ते गेले आणि 2011 साली आम्ही स्मरणिका काढली. त्यात हे व्याख्यान शब्दांकित करून छापलं, काम माझ्याकडे होतं. मी एव्हीआय फाइल लावून बसलो. फळ्यावरचं वाक्य धूसर होतं. मी वाचलं, ‘उत्तरज्ञानाने पूर्वज्ञानाचा बोध’.

इथे तत्त्वज्ञानाचे काही विद्यार्थी बसलेत, त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसतंय. वेदान्ताचं नेहमीचं म्हणणं ‘बाध’ असं आहे. दोरी कळली की सापाचं ज्ञान बाधित होतं, रद्द होतं. ‘बोध’ म्हणजे उलट दिशा, नंतरच्या ज्ञानानं आधीचं ज्ञान कळतं. पण त्या दिवशी गुरुजी नेहमीच्या मताला प्रश्न विचारत होते, म्हणून मला वाटलं की हे त्यांनी मुद्दाम लिहिलंय, त्यांचं हे स्वतःचं मत आहे. मी त्यावर तीन पानांची टीप लिहिली. (हशा.) हसा. ती टीप पुढे एकदोघांनी आपल्या प्रबंधांत आधारालाही घेतली. तिथे मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी गुरुजींच्या लेकीनं घर आवरताना एक कॅसेट सापडली म्हणून फोन केला. त्या व्याख्यानाची एक प्रत त्या वेळी शूटिंगवाल्यानं गुरुजींना भेट दिली होती. प्रतीची प्रत, कडेला बुरशी. पण व्हीएचएस. यंत्र कुठून आणायचं? शेवटची व्हीसीआर यंत्रं बनवणाऱ्या जपानी फुनाई कंपनीनं 2016 च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बीटामॅक्सच्या कॅसेटही संपल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन यंत्रं मिळाली, एकाचे भाग दुसऱ्याला लावून एक चालतं झालं. कॅसेट आधी उघडून साफ करून घेतली, कारण बुरशी यंत्रात गेली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मग पूर्ण टीव्ही चित्र, काही न गाळता, संगणकात घेतलं. फळ्यावर अक्षरं होती, ‘पूर्वज्ञानाचा बाध’. स्पष्ट. कान्याच्या डोक्यावर मात्रा नाही.

मग मी महिनाभर याच्याच मागे लागलो, की मला ‘बोध’ का दिसलं. उत्तर मिळालं ते असं. पाल चित्राच्या 576 ओळी एकदम येत नाहीत. आधी एकाआड एक अर्ध्या, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या अर्ध्या. याला इंटरलेस म्हणतात. म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं असली तरी हालचालीचे क्षण पन्नास असतात. फळ्यासारखी स्थिर वस्तू असेल तेव्हा दोन्ही अर्धी मिळून उभ्या दिशेला पूर्ण तपशील देतात. व्हीसीडीचं चित्र 352 गुणिले 288. आडव्या दिशेला फार बिघडत नाही, कारण व्हीएचएसची मूळ धारच तेवढी असते. उभ्या दिशेला मात्र सरळ निम्मं. रूपांतर करणारं यंत्र बहुधा एक अर्ध ठेवतं आणि दुसरं टाकून देतं.

आता विचार करा, देवनागरीत उभ्या दिशेला काय असतं? मात्रा, अनुस्वार, रफार डोक्यावर, उकार आणि ऋकार पायाशी. रोमन अक्षराची एक ओळ गेली तर शब्द बहुधा निभावतो. आपला अर्थच बदलतो. वर चौकोनी गाळणीनं बारीक फरक टाकलेले, त्यात दुसऱ्यांदा गाळलेलं. खडूच्या धुरळ्याचा एक डाग, शिरोरेषेला लागून, आणि माझ्या डोळ्यांनी त्याची मात्रा केली. दोरीवर साप दिसला, आणि तोही त्याच विषयाच्या व्याख्यानात.

वेदान्तात एक जुनं उदाहरण आहे, ‘तो हा देवदत्त’. पूर्वी काशीत पाहिलेला तरुण आणि आज समोर आलेला म्हातारा एकच, हे कसं म्हणता? तर तो काळ सोडा, हा काळ सोडा, उरतो तो देवदत्त घ्या. भाग टाकून भाग ठेवायचा. पस्तीस वर्षं मी हे शिकवलं, पण त्यातली एक अट मला कधी नीट उमगली नव्हती. कुठला भाग टाकतो आहोत हे टाकणाऱ्याला माहीत असावं लागतं. आम्हाला माहीत नव्हतं.

तर पुन्हा सगळं नव्यानं करायला घेतलं. आणि या वेळी आधी इतिहास वाचला. एमपीफोर हा डबा आला अ‍ॅपलच्या क्विकटाइमवरून, ते 1991 सालचं. त्याचं प्रमाण रूप 2001 ते 2003 मध्ये ठरलं. एच.264 ही लिपी 2003 च्या मे महिन्यातली. त्याआधीचा दशकभराचा काळ म्हणजे बाजार होता. मायक्रोसॉफ्टचं वेगळं, रिअल कंपनीचं वेगळं, फ्लॅशचं वेगळं, छोट्या फोनचं थ्रीजीपी वेगळं. फ्लॅशवर तर यूट्यूब उभं राहिलं, आणि 2020 च्या अखेरीस फ्लॅश अधिकृतरीत्या बंद झालं. एच.264 टिकली ती नुसत्या गुणामुळे नाही. तिचं वाचन करणारा भाग फोनच्या, टीव्हीच्या चिपमध्येच कोरला गेला, 2007 साली आयफोनसाठी यूट्यूबनं आपला संग्रह तिच्यात आणायला सुरुवात केली, आणि मग दुसरी लिपी निवडणं परवडेना. तिच्यानंतर 2013 साली एचईव्हीसी आली, निम्म्या जागेत तेच चित्र बसवते, पण पेटंटच्या गुंत्यात सापडली. 2018 सालची एव्ही1 मोफत आहे, पण जुन्या यंत्रांना येत नाही. बीटा आणि व्हीएचएस आठवलं ना? म्हणून आज सगळीकडे लागेल असं हवं तर डबा एमपीफोर, चित्र एच.264, आवाज एएसी. यात मला शंका नाही.

हे काम फुकटात होतं, याचंही श्रेय द्यायला हवं. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी 2000 साली एफएफएमपेग सुरू केलं. जगातली बहुतेक रूपांतराची सॉफ्टवेअरं आतून तेच वापरतात. व्हीएलसी हा प्लेअर पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी केला, 2001 साली सर्वांना खुला झाला. नासिर अहमद यांच्यापासून या मुलांपर्यंत, ज्या गोष्टीवर जग चालतं तिला सुरुवातीला कुणी पैसे दिले नव्हते.

प्रत्यक्षात काय केलं ते सांगतो, कारण चहाच्या वेळी हेच विचाराल. प्रत्येक फाइल उघडून आधी आत काय आहे ते पाहिलं. मीडियाइन्फो नावाचं साधन ते सांगतं. अनेक फाइलींत, विशेषतः 2012 नंतरच्या, चित्र आधीच एच.264 होतं, फक्त डबा वेगळा. अशांना रूपांतर करायचंच नाही. नुसता डबा बदलायचा, दोन मिनिटांत होतो, एक ठिपकाही बदलत नाही. नातवाचं सॉफ्टवेअर अशांनाही पुन्हा गाळणीतून काढतं, विचारत नाही. संग्रहातला जवळजवळ तिसरा हिस्सा असा निघाला.

उरलेल्यांत मोठेपणाचा मोह टाळला. व्हीसीडीचं चित्र ताणून एचडी केलं तरी गेलेली मात्रा परत येत नाही, आली तर ती यंत्रानं कल्पिलेली असते. चित्र आहे त्या मापाचं ठेवलं. पंचवीसचं पंचवीस ठेवलं, अमेरिकेहून आलेलं तिथल्याच गतीनं ठेवलं, गती बदलली की हालचाल अडखळते. पालचे ठिपके चौरस नसतात. 720 रुंदीचं चित्र दाखवताना चार-तीनच्या प्रमाणात दाखवावं लागतं, ती खूण विसरली तर वक्ता किंचित बारीक दिसतो. काही वक्त्यांना ते आवडलं असतं. (हशा.) इंटरलेस चित्राचे दोन्ही अर्धे वापरून सेकंदाला पन्नास चौकटी केल्या, त्यानं हातवारे इतके मोकळे दिसले की मूळ कॅसेट टीव्हीवर पाहताना दिसायचे तसे. रंगाची खोली आठ बिटचीच ठेवली, दहा बिटची फाइल संगणकावर छान चालते आणि बैठकीतल्या टीव्हीवर नुसता काळा पडदा देते. पहिल्या आठवड्यात एका सायंकाळी मी चार फाइली पेनड्राइव्हवर घेऊन चार घरी गेलो, चार टीव्हींवर लावून पाहिल्या, मग पुढचं काम.

एक अडचण तुम्हाला फोनवर हमखास येईल म्हणून सांगतो. एमपीफोरची अनुक्रमणिका मुद्रण संपताना लिहिली जाते. बॅटरी मध्येच संपली तर दोन तासांचं चित्र फाइलमध्ये असूनही फाइल उघडत नाही. अशा दोन फाइली आमच्याकडे आहेत. त्याच फोनवर केलेल्या दुसऱ्या, चांगल्या फाइलीच्या आधारानं एक दुरुस्त झाली, दुसरी अजून नाही.

आणि मूळ काही टाकायचं नाही. ज्या फाइलीवरून रूपांतर केलं ती तशीच, शेजारी. कॅसेटवरून घेतलेलं न गाळलेलं चित्रही ठेवलंय, ते फार जागा खातं, पण 2002 सालची हार्डडिस्कची किंमत आज राहिलेली नाही. शके 1506 मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले अपपाठ काढून शुद्ध प्रत केली. त्यांना ते करता आलं, कारण नकलांत चुका वेगवेगळ्या ठिकाणी होतात आणि दुसऱ्या पोथीत तो पाठ शाबूत असतो. आमच्या सगळ्या एव्हीआय एकाच व्हीसीडीच्या पोटातून आलेल्या, त्या शंभर असत्या तरी प्रत्येकीत तोच डाग असता. मूळच्या व्हीएचएसची एकच प्रत उरली, तीही आमच्या कर्तृत्वानं नाही. गुरुजींच्या लेकीनं भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात तीन वेळा ती कॅसेट हलवली. तिच्याकडे व्हीसीआर नव्हता, वडिलांचा आवाज आत आहे एवढंच तिला ठाऊक होतं.

तीन पानांची ती टीप मी मागे घेतली. ज्या दोघांनी ती आधाराला घेतली त्यांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं. तो म्हणतो की गुरुजींच्या पुढच्या युक्तिवादाकडे पाहता ‘बोध’ हाच पाठ जास्त सुसंगत आहे, फळ्यावर काहीही असो. त्याच्याशी वाद अजून चालू आहे.

संग्रहातली एकतीस व्याख्यानं अजून फक्त त्या दुसऱ्यांदा गाळलेल्या रूपात आहेत. त्यांत 1989 ते 1996 मधली जास्त. त्या काळात अनेक श्रोते स्वतःच्या खर्चानं कॅसेटची प्रत करून घेत, शंभर रुपये द्यायचे आणि आठवड्यानं न्यायची. तेव्हा विनंती अशी की घरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या टीव्हीच्या खणात एखादी कॅसेट असेल, वर व्याख्यानमालेचं निळं लेबल असेल, तर कळवा. लावून पाहू नका, पुढेमागे फिरवू नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका. कागदात गुंडाळून उभी ठेवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि काम झालं की कॅसेट परत करीन. यादी बाहेर टेबलावर ठेवली आहे, जाताना एक नजर टाका.